पोती शिवणारा हात

१९ नोव्हेंबर २००६, रविवार. फाटकी पोती शिवायची होती. भाव पडल्यामुळे कापूस विकायचं कोणी नाव काढत नव्हतं. आमच्या बैठकीच्या खोलीत तो खिडकीपर्यंत चढला होता, आणि सोमवारी तीच खोली लागणार होती, म्हणून तो पोत्यांत भरून हलवायचा होता. यवतमाळहून एक बाई आमच्या बचत गटाचं भरतकाम बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं, तर हिवाळाभर उशांच्या खोळी भरायचं काम मिळणार होतं. त्या साली वेचणी लवकर आटोपल्याने साऱ्याजणी घरी बसून होत्या, काम हवंच होतं. 'नक्षीचा टाका ना? सगळ्यांना येतो,' असं फोनवर मीच ठोकून दिलं होतं. गटाची अध्यक्ष मी. मला येत होता साधा धावता टाका.

नक्षी तशी सोपी. धावत्या टाक्यांची ओळ घालायची, मग दुसऱ्या रंगाचा दोरा कापडात न टोचता त्या टाक्यांखालून एकदा वरून, एकदा खालून न्यायचा. नागमोडी वेल उमटते. भरतकामाच्या पुस्तिकेतल्या चित्रात तरी उमटली होती. माझा रुमाल दुपारपर्यंत आकसून तळहाताएवढा झाला.

गटात तांड्यावरची एक म्हातारी होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात, म्हणून आम्हीही तिला याडीच म्हणायचो. तिच्या चोळीच्या बाहीवर हाच टाका तीन रंगांत होता. पण मागच्याच महिन्यात मी तिला सही शिकवली होती आणि अक्षर वाकडं जातं म्हणून चारचौघींत तीनदा पुसायला लावलं होतं. आता तिला कोणत्या तोंडाने विचारणार?

ती आपणहूनच आली, पोती शिवू लागायला. रुमाल उचलून म्हणाली, "काहून एवढं ओढून राह्यली वं बाई?"

"टाका घट्ट नको?"

"हे पोतं हाय का? यातून काय सांडते?"

वीस वर्षं दाभणाने पोत्यांची तोंडं शिवलेली. टाका घातला की पाय रोवून सुतळी ओढायची, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. याडीने सुई उलटी धरली आणि नेढ्याची बाजू टाक्याखालून सरकवली, म्हणजे टोक कापडात शिरत नाही. दोरा सैल सोडला. मी घेतला आणि पुन्हा ओढला.

"उसव," ती म्हणाली.

तीनदा उसवायला लावलं. मोजून तीनदा. चौथ्यांदा वेल उमटली, पण आजारातून उठल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रुमाल मी एका पोत्याला ठिगळ म्हणून लावला. बाई आल्यावर सांगितलं, "फोनवर मी खोटं बोलले. टाका येतो एकीलाच, बाकीच्या शिकतील." याडीला खुर्चीवर बसवलं, गटाच्या वहीत शिकवणारी म्हणून तिची सही घेतली. अक्षर वाकडंच आलं. मी ते तसंच राहू दिलं, खाली बसले आणि सगळ्यांच्या सुया ओवायला घेतल्या.