आमच्या गच्चीवरचं नेसेसरी

उन्हाळ्यात खाटेवर बिबडे वाळत घातले की दुपारपर्यंत खाट भरते, आणि कुठला कोणी थापला हे मग सांगता येत नाही. आमच्या गच्चीवरच्या गोष्टींचंही तसंच झालंय. कोणाची कुठली, कोण आधी बोललं, सगळं एकात एक मिसळलंय. पण यंदाच्या या गोष्टी मात्र मला ओळीनं आठवतात, कारण त्या सगळ्या शोभाताईंच्या दहावीच्या आहेत!

आम्ही जळगावात एकाच गल्लीत राहतो. मी, शोभाताई आणि रजियाभाभी. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्या खानदेशातले थापलेले पापड, आज एकीच्या गच्चीवर, उद्या दुसरीच्या. शोभाताई मुलींच्या एका हॉस्टेलमध्ये पंधरा वर्षं स्वयंपाक करतात. तिथले स्टोअर सांभाळणारे काका निवृत्त होणार होते. वॉर्डनबाई म्हणाल्या, "शोभाताई, तुमच्यासारखं कोणालाच जमणार नाही. पण दहावी पास पाहिजे. परीक्षा द्या, निकाल लागेपर्यंत स्टोअरची किल्ली मी माझ्याकडे ठेवते. त्यापुढे मात्र थांबता येणार नाही."

शोभाताई तीस वर्षांपूर्वी दहावीला इंग्रजीत नापास झालेल्या.

*

वॉर्डनबाईंनी बोर्डावर इंग्रजीत नोटीसही लावली होती. शोभाताईंनी मोबाईलवर तिचा फोटो काढून आणला. मी दहावी पास, इंग्रजीत पस्तीस, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. एस एस सी पासपर्यंत आले आणि पुढच्या शब्दाला अडले. लेकीची जुनी डिक्शनरी काढली. अर्धा तास शोधलं. तसा शब्दच नाही!

"नीट बघा," शोभाताई म्हणाल्या.

"बघितलं. पुस्तकात नाहीच."

"शब्दच नाही तर अट कशी?" त्या खुशीत म्हणाल्या. "मग उद्या किल्ली मागते."

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या कविता मॅडमना फोटो दाखवला. त्या इंग्रजीच्या शिक्षिका, माहेर चाळीसगावचं. त्या हसल्या. "शब्द आहे हो. नेसेसरी. म्हणजे आवश्यक. लिहिणाऱ्यानं एक सी जास्त घातलाय."

शोभाताई नोटिशीकडे बघतच राहिल्या. "स्पेलिंग त्याचं चुकलं, आणि परीक्षा मी द्यायची?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म आणला. शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांसाठी असतो तो.

*

मॅडम रोज संध्याकाळी तासभर शिकवायच्या. पहिला शब्द शोभाताईंनीच मागितला. "तोच द्या. त्यानंच माझी वाट अडवलीये."

पण तो शब्द काही केल्या बसेना. कधी सी दोन, कधी एस एक. शेवटी रजियाभाभी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "इतना क्या मुश्कील है? सी म्हणजे चाय, एस म्हणजे शक्कर. एक चाय, दोन शक्कर!"

मॅडमनी टाळी वाजवली. शोभाताई गंभीरपणे म्हणाल्या, "भाभी, आमच्या यांना शुगर आहे. आमच्या घरी हा शब्द कायम चुकणार."

*

एकदा मॅडमनी शब्दाचं मूळ सांगितलं. तो लॅटिनमधून आलाय म्हणे. पहिला भाग म्हणजे 'नाही', आणि नंतरचा म्हणजे 'मागे सरणं'. ज्याच्यापासून मागे सरता येत नाही, ते नेसेसरी. मला ते इतकं आवडलं की मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. एका शब्दाच्या पोटात एवढं असतं, हे मला शाळेत कोणी सांगितलंच नव्हतं.

शोभाताई त्या दिवशी तो शब्द पुटपुटतच घरी गेल्या. त्यांचे मिस्टर, म्हणजे आमचे भाऊ, माणूस चांगला, पण रोज म्हणायचे, "आता या वयात कशाला? जाऊ दे ना." त्या संध्याकाळीही म्हणाले.

"नेसेसरी आहे," शोभाताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मागे सरता येत नाही. लॅटिन आहे."

भाऊंनी थोडा विचार केला आणि उठून चहा ठेवला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, चहा पहिल्यांदाच ठेवला. पातेलं कुठे असतं ते मात्र विचारावं लागलं.

*

फेब्रुवारीत बिबडे सुरू झाले. उपड्या ताटावर ओलं फडकं, त्यावर गरम पिठाचा गोळा, आणि हातानं थापत गोल करायचा. शोभाताईंना एकाच वेळी दोन्ही कामं उरकायची होती. त्यांनी एका थापेला एक अक्षर धरलं. एन, ई, सी, ई, एस, एस, ए, आर, वाय. नऊ थापा, एक बिबडा. आम्हीही सुरू केलं. गच्चीवर नुसता नेसेसरीचा गजर!

रजियाभाभींनी एक बिबडा उचलून उन्हाला धरला. "शोभा, हा बघ, जास्त पसरलाय. तू दोन सी थापलेस."

शोभाताईंनी तो मोडला आणि पुन्हा थापला.

*

मार्चमध्ये इंग्रजीचा पेपर आला. शोभाताईंनी आम्हाला नंतर सांगितलं ते असं. पत्र लिहायचा प्रश्न होता, आणि पत्रात नेमका तोच शब्द हवा होता. डोकं एकदम रिकामं झालं. मग त्यांनी डोळे मिटले आणि बेंचवर थापायला लागल्या. वर्गात सगळं शांत, आणि यांचं थप, थप, थप.

वर्गावरचे सर आले. अगदी तरुण होते, त्यांच्या मुलाएवढे. "ताई, काय चाललंय?"

शोभाताई उभ्या राहिल्या. खोटं बोलायची सवय नाही. "सर, बिबडा थापतेय."

सरांनी पेपरकडे बघितलं, ताईंच्या हाताकडे बघितलं. वाकून हळूच म्हणाले, "हळू थापा. मागची कॉपी करेल."

*

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही सगळ्या शोभाताईंच्या घरी जमलो. त्यांच्या सासूबाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आक्का, पलंगावर माळ घेऊन बसल्या होत्या. शोभाताई भिंतीकडे तोंड करून. म्हणाल्या, "तुम्हीच बघा. मला सांगू नका. म्हणजे सांगा, पण हळू सांगा."

मोबाईल माझ्या हातात. सीट नंबर टाकला. पुढे आईचं नाव विचारलं. मी टाकलं, गोदावरी.

अशी नोंद सापडली नाही, असं आलं.

पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. रजियाभाभींनी माझ्याकडे बघितलं, मी कविता मॅडमकडे. शोभाताई भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "राहू द्या. मला कळलं."

"काय टाकलं गं तू?" आक्कांनी मला विचारलं.

"सीट नंबर, आणि तुमचं नाव."

आक्कांनी माळ खाली ठेवली. "माझं? माझं कशाला? तिला मी जन्म दिला का? तिच्या मायचं टाक, साक्रीकडची आहे ती."

शोभाताईंची आई आहे, हे आम्हाला माहीत होतं. दोनदा येऊनही गेलेली. पण नाव? आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं.

"केसर," शोभाताई भिंतीला म्हणाल्या. "माझ्या मायचं नाव केसर."

मी एकेक अक्षर टाकलं. पान उघडलं. पास! इंग्रजीत अडतीस! रजियाभाभींनी शोभाताईंना भिंतीपासून अक्षरशः ओढूनच काढलं. मॅडम रडायला लागल्या. भाऊ उगाचच पंखा वाढवत होते.

शोभाताईंनी आधी हॉस्टेलला नाही, माहेरी फोन लावला. स्पीकरवर. म्हाताऱ्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडून सगळं सांगितलं. पास झाले, आक्कांच्या नावानं निकाल उघडत नव्हता, माय, तुझं नाव टाकलं तेव्हाच उघडला.

मग मोबाईल आमच्या मधोमध धरला.

पलीकडून माय तिच्या अहिराणीत हळूच म्हणाली, "मंग मी बी पास शे का व?"