आईचं ऑपरेशन आणि मावशीचा खांदा

हे लिहू की नको, असं बरेच महिने चाललं होतं. शेवटी लिहितेय, कारण ज्याला त्याला सांगून मी वैतागले आहे आणि प्रत्येकाकडे वेगळं उत्तर आहे. आधीच सांगते — भूत, करणी, नजर यातलं मी काहीही मानत नाही. घरात कुणी लिंबू ओवाळायला लागलं की मी उठून आत जाते. मी नर्स आहे. सुरतच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये (नाव देत नाही) भूल विभागाच्या पेन टीममध्ये काम करते. ऑपरेशन झालेल्या पेशंटकडे जायचं आणि विचारायचं, "शून्य ते दहा... किती दुखतंय?" त्यावर औषध कमीजास्त होतं.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे, आई-मावशीच्या तोंडी अजून अहिराणी येते. मी आणि आई डिंडोलीत राहतो, मावशी जवळच नवागामला. मावशी घरी बसून साड्यांना लेस लावते. दोघी सख्ख्या बहिणी, स्वभाव मात्र उलटे. आई ताप अंगावर काढेल पण बोलणार नाही. मावशीला सुई टोचली तरी सगळ्या सोसायटीला कळतं.

गेल्या वर्षी आईच्या आतड्यात गाठ निघाली. आमच्याच हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. गाठ असलेला तुकडा काढून आतडं जोडलं. दुखू नये म्हणून देसाई मॅडमनी — आमच्या भूलतज्ज्ञ — पाठीत बारीक नळी घालून औषध सुरू ठेवलं होतं. दुपारी मी आईला विचारलं, "किती दुखतंय?"

"काहीच नाही."

म्हणजे शून्य. नळी होती, त्यामुळे नवल नव्हतं. पण बाजूच्या खुर्चीत मावशी डाव्या कुशीला हात लावून कण्हत बसलेली.

"तुला काय झालं आता?"

"मनं पोट दुखस व शिल्पा... चिरेल सारखं."

मी मनात म्हटलं, झालं सुरू. ऑपरेशन आईचं आणि लोक विचारपूस करतायत मावशीची! तरी तिला खाली नेऊन सोनोग्राफी करून आणली. सगळं नॉर्मल. परत आलो तर आईच्या नळीतलं औषध संपत आलेलं. मी डोस दिला. थोड्या वेळात मावशी म्हणाली, "कमी व्हयनं." मी लक्ष दिलं नाही. कोण देईल?

तिसऱ्या दिवशी नळी काढली. आता खरं तर आई ओरडायला हवी होती, निदान चेहरा तरी वाकडा व्हायला हवा होता. तर शून्यच. खोकली तरी शून्य, कुशीवर वळली तरी शून्य. देसाई मॅडम म्हणाल्या, "शिल्पा, तुझी आई सांगत नाहीये. नीट विचार." अजून किती नीट विचारायचं? आणि मावशी वॉर्डात एवढी विव्हळायला लागली, की बाकीच्या पेशंटनी तक्रार केली. मी चिडून तिला तिच्या मुलाबरोबर, नीलेशबरोबर, घरी पाठवलं.

दोनएक दिवसांनी सकाळी राउंडवर असताना नीलेशचा फोन आला.

"ताई, मम्मी रडतेय. पोट दुखतंच आहे, पण आता खांदा पण. डावा. हात लावू देत नाही."

"पडली का कुठे?"

"ना रे ताई, बेडवरच आहे कालपासून."

इथे मी पहिल्यांदा तिचं म्हणणं खरं धरलं. पोटात वरच्या बाजूला, छातीच्या पडद्याखाली काही साचलं, तर दुखतं खांद्यात. नसांची जोडणीच तशी आहे. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवतात. लेस लावणाऱ्या मावशीला हे कुठून माहीत असणार? आणि तिच्या पोटात तर काही नव्हतंच. सोनोग्राफी मी स्वतः करून आणली होती.

मी आईकडे धावले. आई शांत पडलेली. "दुखतंय?" "नाही गं, किती वेळा विचारशील?" पण नाडी जोरात पळत होती, अंग तापलेलं, आणि पोटावर हात ठेवला तर फळीसारखं लागलं. मी देसाई मॅडमना बोलावलं आणि खरं ते सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू ठीक छे ने?"

"मॅडम, प्लीज, सीटी करू या."

"आणि कारण काय लिहू? बहिणीचा खांदा?"

पण पोटाला हात लावल्यावर त्यांनी स्वतःच सीटीचा फॉर्म मागवला. कारण म्हणून नाडी आणि ताप लिहिलं. सीटीत दिसलं ते असं — आतड्याची जोड एका जागी सुटली होती, आणि घाण पोटात पसरून डावीकडे वर पडद्यापर्यंत गेली होती. लगेच पुन्हा ऑपरेशन. सर्जन म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं.

आईला आत नेलं, तोवर नीलेश मावशीला रिक्षातून घेऊन आला. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून कण्हत होती. मी तिला धरून बसले होते. आता रागवायचं तरी कोणत्या तोंडाने? मध्येच ती थांबली. एकदम. सरळ बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "गयं."

मला वाटलं, आईच गेली. मी आत जायला उठले, तेवढ्यात आमचा टेक्निशियन रक्ताची पिशवी आणायला बाहेर आला. मी त्याचा हात धरला.

"आई?"

"बरी आहे. आत्ताच भूल दिली. का?"

मावशी नीलेशला म्हणत होती, "चहा मिळेल का कुठे?"

आई वाचली. या वेळी जंतुसंसर्ग असल्यामुळे पाठीत नळी घालता आली नाही, नुसत्या इंजेक्शनवर भागवावं लागलं. भूल उतरल्यावर मी विचारलं आणि आई आयुष्यात पहिल्यांदा कण्हून म्हणाली, "खूप." नऊ. मावशी शेजारी ठणठणीत. आईने तिचं मनगट धरलं आणि दात आवळून म्हणाली, "आते काबरं नही लेत तू?"

आता का नाही घेत तू?

मावशीने मान खाली घातली. "आते जमत नही माले, अक्का."

मी तिथेच उभी होते. दोघींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सर्जन म्हणतात योगायोग. देसाई मॅडम म्हणतात, जवळच्या माणसाचं दुखणं बघून मनाने असं होतं. मग खांदा? आईचा खांदा दुखतोय असं कुणी पाहिलंच नव्हतं, तर मावशीच्या मनाने ते आणलं कुठून? यावर मॅडम म्हणतात, "जवा दे ने, शिल्पा." नवागामच्या बायका आता मावशीकडे आपली दुखणी घेऊन येतात, त्यांना हाकलायचं काम नीलेशचं. मध्ये आईची दाढ काढली, तेव्हा मी मुद्दाम मावशीला फोन केला. काही नाही. आरामात जेवत होती. म्हणजे जे झालं ते पुन्हा होऊन दाखवायलाही तयार नाही.

आईला विचारलं, तू असं का म्हणालीस? म्हणते, भुलीत काहीतरी बोलले असेन. भूल उतरली होती, हे तिला कितीदा सांगू? याचं उत्तर त्या दोघींकडे आहे, अशी माझी खात्री आहे. पण मी विषय काढला की आई डोळे मिटून घेते आणि मावशी टीव्हीचा आवाज वाढवते.