पाच ताऱ्यांची बचत

"फाइव्ह स्टार आहे, कितीही चालवा, वीज वाचतेच," माझे काका पाहुण्यांना सांगत होते. भर मे महिन्यात एसी अठरावर होता आणि त्यांच्या मांडीवर दुलई होती. एसीवरचं ताऱ्यांचं स्टिकर त्यांनी अजून काढलेलं नाही. मुलाचा पहिला नंबर यावा तसे ते त्याच्याकडे बघतात.

मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. काकू पोळ्या लाटत होती. हॉलच्या बाल्कनीत वाईट दिसेल म्हणून एसीचा बाहेरचा डबा काकांनी इथल्या खिडकीबाहेर बसवून घेतला. त्याची गरम हवा आत येते म्हणून खिडकी बंद. गॅसची ज्योत हलते म्हणून पंखाही बंद. काकूचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. या घरात खरोखर वाचते ती एवढीच वीज, काकूच्या पंख्याची. तिला मात्र कुणी तारे देत नाही.

"सवय झालीये गं," काकू म्हणाली, आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

पाहुण्यांसमोर मी सहसा बोलत नाही. आज पाण्याचा ट्रे टीपॉयवर ठेवून तिथेच उभी राहिले.

"काका, एसी बंद करा. काकूला खिडकी उघडायची आहे."