इंदूकाकूचं पांढरं छत

इंदूकाकू कुठल्याही इमारतीत शिरली की आधी वर बघायची. लग्नाचं कार्यालय असो, बँक असो, कुणाच्या नव्या घराची वास्तुशांत असो. ती दाराच्या आत उभी राहायची, मान मागं टाकायची आणि छताचा एकेक कोपरा फिरून बघायची. मग जागा निवडून बसायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाई हात न जोडताच देवाचं काहीतरी करतेय. आष्ट्याला एका लग्नात तिनं आम्हा सगळ्यांना भरल्या ताटांवरून उठवून पलीकडच्या ओळीत बसवलं होतं. "त्या पंख्यापाशी पोपडा सुटलाय," ती म्हणाली, "भातात पडंल." नवरीकडची माणसं हसली. पोपडा पडला नाही. पण मला जेवण गेलं नाही, माझं लक्ष सारखं वर जात होतं. तिच्याबरोबर कुठं गेलं की असंच व्हायचं. आपल्या डोक्यावर जे आहे ते कशाच्या तरी आधारानं तिथं थांबलेलं आहे, हे एकदा मनात आलं की सहज जात नाही.

ती माझी थोरली चुलती. काका फौजेतून परत आल्यावर त्यांनी आणि धाकट्या दत्ताकाकांनी मिळून आष्टा-सांगली रस्त्याला बेदाण्याचं शीतगृह बांधलं. जत, तासगावकडचा माल तिथं येतो, थंड खोल्यांत राहतो, आणि मागणी येईल तसा बाहेर काढून निवडला जातो. काका गेल्यावर कारभार काकूकडं आला. ऑफिसात ती क्वचितच असायची. निवडायच्या हॉलमध्ये बायका ओळीनं बसून बेदाण्यातल्या काड्या काढत, त्यांच्यातच मांडी घालून ही बसलेली असायची. "आत हापिसात बसलं की माणूस नुसतं सह्या करतंय," ती म्हणायची, "माल काय म्हंतोय ते कळत न्हाई."

मी सांगलीत एका वाचनालयात काम करतो. रविवारी तिच्याकडं जायचो. यंत्रांची, औषधांची माहितीपत्रकं इंग्रजीत यायची. ती मी वाचून मराठीत सांगायची, असा आमचा शिरस्ता होता. "ये बाबा," ती बायकांना ऐकू जाईल असं म्हणायची, "तुझ्या बुकांचा घराला एवढाच उपेग." बायका हसायच्या, आणि माझ्यापुढं मूठभर हिरवा बेदाणा यायचा.

गेली दोन-तीन वर्षं ती पत्रकं छताची असायची. शीतगृहाचं छत सपाट. स्लॅबवर गारवा टिकावा म्हणून फोमचा जाड थर, आणि त्यावर पाणी अडवायला काळी डांबरी शीट. एप्रिल-मेच्या दुपारी ती शीट इतकी तापायची की चपला चिकटायच्या. मग संध्याकाळी वळीव कोसळायचा आणि तापलेलं छत एकदम गार व्हायचं. असं वर्षानुवर्षं पसरून आकसून शीटला फुगे आले होते, सांधे उकलले होते, आणि कठड्यालगतची कड जागोजाग उचलली होती. वारा सुटला की ती कड फडफडायची आणि तो आवाज खाली हॉलमध्ये यायचा. नवी आलेली एक बाई म्हणाली होती, वर कुणीतरी सूप झोडपतंय. काकू हातातली काडी तशीच धरून आवाज थांबेपर्यंत बसली.

नवी शीट कुठली घालायची, हे ठरवायला तिनं एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा घेतला. वळीव ज्या बाजूनं येतो, छताच्या त्या कडेला तिनं फळीवर नमुने ठोकून ठेवले होते: काळ्या डांबरी शीटचा तुकडा, ब्रशनं लावायच्या पांढऱ्या लेपाचा एक पट्टा, आणि पुण्याच्या एका ठेकेदारानं पाठवलेली पांढरी प्लास्टिकची शीट. लेप पहिल्याच उन्हाळ्यात तडकला आणि पावसात सापाच्या कातीसारखा निघाला. काळ्या तुकड्यावर पुन्हा फुगे आले. पांढरी शीट मळली, पण जागची हलली नाही. दुपारी तिच्यावर हात ठेवता यायचा.

पत्रकात लिहिलेलं मी तिला सांगितलं होतं. पांढऱ्या शीटचे सांधे गरम हवेनं एकजीव करतात, जाळ लागत नाही. वादळात शीट मधून उडत नाही. वारा कडेखाली शिरतो आणि तिथून सोलत नेतो. म्हणून कडेला धातूची पट्टी स्क्रूनं आवळून बसवतात. काकूनं ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "माणसाचं बी तसंच हाय. कडंचं कुणी धरत न्हाई."

दत्ताकाकांना ते पसंत नव्हतं. ते वाईट माणूस नव्हेत; घाईचे आहेत. "वहिनी, ती पांढरी पावसात साबणावानी घसरती. उद्या गारा पडल्या आन फाटली, तर पुण्याचं माणूस येईस्तोवर मी काय छत्री धरून बसू?"

"धरा की, भावजी. तेवढं तरी एक काम व्हईल तुमच्या हातनं."

पण ठरवायला वेळ गेला होता, आणि त्याचं फळ पुढं आलं. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला पुण्याच्या ठेकेदाराचा निरोप आला, की त्याची माणसं दुसरीकडं गुंतलीत. पावसाळा सरल्याशिवाय येता येणार नाही. इकडं खोल्या नव्या मालानं भरत आलेल्या. छताला भेगा. दुपारनंतर आभाळ रोज काळं होऊन परत जायचं. सगळ्यांच्या माना आता काकूसारख्याच वर असायच्या.

दत्ताकाकांनी मिरजेहून महादेव मिस्त्रीला आणलं. डांबरी शीट घालण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. शीटची गुंडाळी उलगडत जायचं, गॅसच्या बत्तीनं खालची बाजू वितळवायची आणि पायानं दाबत चिकटवायची, असं ते काम. आठवड्यात छत पुरं करून देतो म्हणाला. त्यानं अंगणात एक तुकडा चिकटवून दाखवला. बत्तीचा जाळ हातभर लांब, निळा, आवाज करणारा. काकू त्या जाळाकडंच बघत होती.

ती छतावर गेली. शीटच्या भेगेतून विळ्यानं फोमचा एक तुकडा कापून घेऊन आली आणि बायकांच्या चहाच्या चुलीत टाकला. तो पेटला नाही असं क्षणभर वाटलं. मग एकदम धरला. काळा, तिखट धूर निघाला, जळते थेंब चुलीच्या दगडावर गळायला लागले. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"हे वर पसरलंय," काकू म्हणाली. "भिंतीतनं पार खोल्यांपतूर गेलंय. वर लागलं तर खाली बसलेल्या बाईला कळणार कवा? आन दार कितीक हाईत हॉलला? एक."

महादेव मिस्त्री नम्रपणे म्हणाला, "काकी, आमी बत्ती फोमला लागू देत न्हाई. लय वर्सं करतोय."

"तुज्यावर इस्वास हाय रं बाबा. जाळावर न्हाई."

"मग वळीव काय पदरानं अडवायचा?" दत्ताकाका भडकले. "ताडपत्री टाकून गुऱ्हाळ चालवायचंय का हितं?"

"चालवू गुऱ्हाळ. बेदाणा भिजला तर भिजू दे. दर साली येतोय."

मिस्त्री सिलेंडर गाडीत घालून परत गेला. छतावर ताडपत्र्या अंथरल्या. त्यांच्या कडांना दोरांनी वाळूची पोती बांधून ती कठड्यावरून बाहेर लोंबत सोडली, म्हणजे वजनानं ताडपत्री ताणलेली राहावी. मी त्या रविवारी तिथंच होतो. लांबून बघताना ती इमारत मला बरी वाटली नाही. काकूनं सगळ्यांना बोलावून एकच गोष्ट सांगितली. वारा सुटल्यावर वर कुणी जायचं नाही. ताडपत्री गेली तर जाऊ द्यायची.

वळीव आला तेव्हाही रविवारच होता. आधी झाडं गप्प झाली. मग रस्त्यावरची धूळ भिंतीसारखी उभी राहून आत आली, आणि वीज गेली. छतावरचा आवाज सूप झोडपल्यासारखा राहिला नव्हता. मोठ्या जनावराला दावं सोसेना झाल्यावर ते जसं धडका देतं तसा होता. हॉलच्या कोपऱ्यातून पाण्याची धार लागली. बायका पेट्या ओढायला धावल्या. दत्ताकाका म्हणाले, "एक दोर सुटलाय फकस्त. बांधून येतो," आणि कुणी अडवायच्या आत बाहेरच्या लोखंडी शिडीनं वर गेले.

काकू त्यांच्यामागं धावली. शिडी चढली नाही. खाली भिंतीलगत उभी राहून ती ओरडत होती, "भावजी, खाली या. ऱ्हाऊ द्या ते. खाली या आधी." मी दारात होतो. ताडपत्रीखाली वारा शिरला आणि ती शिडासारखी फुगून वर उठली. तिच्या कडेचं एक पोतं कठड्यापासून उचललं गेलं, हवेत वळलं आणि दोरासकट खाली आलं. काकूला ते दिसलं असावं. ती वरच बघत होती.

मिरजेच्या दवाखान्यात ती काही दिवस होती. छातीला आणि डोक्याला मार होता. शुद्धीवर आली त्या सकाळी मी आणि दत्ताकाका जवळ होतो. तिनं बराच वेळ छताकडं बघितलं आणि म्हणाली, "वर ओल हाय. खाट सरकवा." नर्स म्हणाली, असं करता येत नाही. दत्ताकाकांनी आणि मी खाट वीतभर सरकवली. नर्सनं बघून न बघितल्यासारखं केलं.

मग ती दत्ताकाकांना म्हणाली, "पांढरीच घाला."

"घालतो, वहिनी."

"जाळ न्हाई."

"न्हाई."

"आन बायकास्नी माझ्यापायी सुट्टी देऊ नगा. माल पडून ऱ्हाईल."

त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली.

पावसाळाभर दत्ताकाका मला फोन करायचे. आधी खोल्यांचं, मालाचं बोलायचे. शेवटी आवाज खाली यायचा आणि तोच प्रश्न यायचा. "तवा काळी घातली असती, तर वहिनी आज असती का रं?" मला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं सांगवत नव्हतं. घातली असती, तर ताडपत्र्या नसत्या, पोती नसती. महादेव मिस्त्री चांगला कारागीर होता. बहुतेक काही झालं नसतं. मी म्हणायचो, "ठाऊक नाही, काका." ते म्हणायचे, "तू एवढं वाचतोस, आन ठाऊक न्हाई." हे ते रागानं म्हणत नसत. फोन ठेवल्यावर मी पुस्तक उघडून बसायचो, आणि पान तेच राहायचं. काकूनं बरोबर निवड केली, आणि त्या निवडीनंच ती गेली, हे दोन्ही एकाच वेळी मनात धरून बसणं मला जमत नव्हतं. अजूनही फारसं जमत नाही.

दिवाळीच्या आधी पुण्याची माणसं आली. आधी जुनी काळी शीट सोलून काढायची, भिजलेला फोम काढायचा, मग नवं काम, असं ठरलं होतं. मी सुट्टी घेऊन गेलो. खाली हॉलमध्ये सणाच्या मालाची निवड चालू होती, बायकांचं बोलणं वर ऐकू येत होतं. शीटच्या पट्ट्या निघत होत्या. कठड्यालगत एका जागी पट्टी काढणारा माणूस थांबला आणि त्यानं त्याच्या मुकादमाला हाक मारली.

तिथला फोम काळा होता. आधी मला वाटलं, डांबर असेल. पण मधे खळगा होता, माणूस पाय मुडपून झोपेल एवढा, आणि त्याच्या कडा कोळशासारख्या भुसभुशीत. खळग्याच्या एका टोकापासून एक काळी रेघ भिंतीच्या सांध्यात उतरली होती आणि तिथं संपली होती.

मुकादम वाकून बघत म्हणाला, "हे पाण्यानं झालेलं नाही. पेटलंय. जुनी शीट घालताना लागलेलं दिसतंय. पाणी मारून विझवलंय, आणि वरनं शीट ओढलीय."

जुनी शीट काका होते तेव्हाची. कुठल्या माणसांनी घातली, ती आता कुठं आहेत, कुणाला माहीत नाही. दत्ताकाका गुडघ्यावर बसले. त्यांनी खळग्यात हात घातला आणि बोटांना लागलेली काजळी बघत राहिले.

"त्या वक्ताला मीच हुतो हितं," ते म्हणाले. "खाली त्यास्नी च्या करत हुतो. कुणी एक सबूद बोललं न्हाई."

"खाली हॉल चालू होता?" मी विचारलं.

"चालूच की. सगळ्या बसल्या हुत्या."

ते उठले, शिडीनं झपाट्यानं खाली गेले आणि हॉलच्या दारातून त्यांनी हाळी दिली. "बाहेर या गं. सगळ्या बाहेर या."

"काय झालं, मालक?" आतून कुणीतरी विचारलं.

"काय न्हाई झालं. बाहेर या म्हंतोय न्हवं."

बायका एकेक करून अंगणात आल्या. हातात बेदाण्याच्या काड्या, डोळ्यांवर ऊन. वरून मला त्यांची डोकी दिसत होती. काय झालंय ते त्या एकमेकींना विचारत होत्या, आणि दत्ताकाका दाराशी उभे राहून येणारीचं तोंड बघत होते. शेवटची बाई बाहेर आली. तिनं मागं वळून सांगितलं, "झालं, मालक. आत कुणी न्हाई आता."

तरी ते दाराकडं बघत उभे राहिले.