बटण बंद होतं, तरीही

मिनलला करंट लागला तेव्हा कॉम्प्युटरचं बटण बंद होतं. अजूनही कुणाला ती हकिगत सांगताना ती सुरुवात इथूनच करते, कारण तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नाही.

कुरुळीत अर्जुनरावांच्या भाड्याच्या खोल्यांची लाइन आहे. त्यातल्या एका खोलीत मिनल, तिचा नवरा समाधान आणि सासूबाई प्रभावती राहतात. समाधान महाळुंग्याला कंपनीत. मिनल पूर्वी भोसरीच्या एका टूलरूममध्ये ड्रॉइंगं काढायची. टूलरूम बंद पडली तेव्हा मालकाने तिचा कॉम्प्युटर तिलाच देऊन टाकला. तेव्हापासून ती घरी बसून छोट्या वर्कशॉपवाल्यांची ड्रॉइंगं करून देते. मशीन जुनं, पण तिच्या हाताखालचं.

अलीकडे मोठं ड्रॉइंग उघडलं की ते मशीन जागच्या जागी थिजायचं. मेमरी वाढवायला हवी, हे तिच्या लक्षात आलं. चाकणच्या रणजीतच्या दुकानातून तिने जुन्या मदरबोर्डला चालणारी रॅमची पट्टी आणली. दुकानात लावून बघितली होती, चालत होती. घरी बसवली आणि बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून लांब बीप. पट्टी काढून खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले, खाच फुंकरीने साफ केली, दुसऱ्या खाचेत घातली. बीप तोच. जुनी पट्टी एकटी लावली की मशीन चालू.

रणजीतने पट्टी तपासली. "ताई, ही तर मेली. जाताना ठीक होती की."

त्याने बदलून दिली. तीही घरी येऊन मेली. तिसरी पट्टी देताना रणजीतने ती हातातच धरून ठेवली. "तुम्ही बसवताना काय करता, सांगा बरं," एवढंच म्हणाला.

मिनलला ते लागलं. ती बटण बंद करूनच हात घालायची, पट्टी कडेने धरायची. चुकतंय कुठे?

तिसरी पट्टी बसवायला ती दुपारी बसली. फरशी नुकतीच पुसलेली, पाय ओले. कॅबिनेटचं झाकण काढलं, डावा हात पत्र्यावर टेकवला, आणि कोपरापर्यंत असा हिसका बसला की ती मागे भिंतीवर आदळली. पट्टी कुठेतरी उडाली.

क्षणभर तिला काही ऐकूच येईना. मग तिने भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं. बटण बंद. वायरीची पिन सॉकेटमध्ये तशीच खोचलेली.

तिने टेस्टर आणला. कॅबिनेटला लावला, दिवा लागला. वायर उपसली, दिवा विझला. मग तिने टेस्टरचं टोक सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात घातलं. ते अर्थिंगचं भोक. तिथे दिवा लागायलाच नको. तो लख्ख लागला.

बटणाने वायरीतला करंट तुटतो, अर्थिंग तुटत नाही. आणि हीच अर्थिंगची तार मिक्सरला जाते, फ्रीजला जाते. तिने मान वर केली. आतल्या बाजूला प्रभावतीबाई भांडी घासून, फरशी ओली म्हणून आज अनवाणी, ओल्या हाताने ताक काढायला फ्रीजकडे निघाल्या होत्या.

"आई, थांबा! हात लावू नका!"

तो आवाज आपला होता हे मिनलला नंतर कळलं. सासूबाईंचा हात हँडलपासून वीतभर अंतरावर थबकला.

"अगं काय झालं?"

"मागे या. आधी चप्पल घाला. कशालाच हात लावू नका."

"मी म्हणत नव्हते, फ्रीज चावतो म्हणून?" प्रभावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, शुगरमुळे बोटांना मुंग्या येतात."

डॉक्टरकडे जाऊ, असं तिनेच त्यांना सांगितलं होतं. आणि त्या बाई एरवी घरात चप्पल घालून वावरायच्या, म्हणूनच आजवर वाचल्या होत्या.

तिने मेन बंद केला. टेस्टर अजून पेटलेलाच. म्हणजे हे दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीतून येत होतं. भोकातला टेस्टर सासूबाईंच्या हाती देऊन ती बाहेर धावली आणि दारं वाजवत सुटली. "मेन बंद करा! फ्रीजला, मशीनला हात लावू नका!" बाया बाहेर आल्या, कुणाला काही समजेना. शेवटच्या खोलीत रोहिदास राहायचा, बीडकडचा पोरगा, सेकंड शिफ्टला जायच्या आधी रॉडने पाणी तापवत होता. मिनलने त्याची पिन उपसली. सासूबाई तिकडे खोलीत सॉकेटला टेस्टर धरून उभ्या होत्या. त्या ओरडल्या, "विझला!"

रोहिदास पांढराफटक पडला. "वहिनी, मी तर बटन बंद करूनच बालदीत हात घालतो. मला कधीच काही लागलं न्हाई." त्याचा रॉड आतून फुटला होता आणि त्यातला करंट अर्थिंगच्या तारेत उतरत होता. सगळ्या खोल्यांची अर्थिंगची तार एकच. ती जमिनीत उतरली असती तर करंट मातीत गेला असता आणि फ्यूज उडाला असता.

अर्जुनराव आले. खोल्यांच्या मागे गटारीसाठी चर खणला होता, तिकडे सगळे गेले. जमिनीत जाणारी अर्थिंगची लोखंडी पट्टी मधोमध तुटून हवेत लोंबत होती. जेसीबीने कधी तोडली, कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्जुनराव त्या तुटक्या टोकाकडे बघतच राहिले.

"माज्या घरातबी हीच तार हाय," ते हळूच म्हणाले. "नातू दिसभर कूलरपाशी खेळतो." आणि ते तिथेच चराच्या कडेला खाली बसले.

त्याच आठवड्यात नवा अर्थिंगचा खड्डा झाला आणि करंट गळला की आपोआप पडणारा स्विच प्रत्येक खोलीत आला. मिनलने रॅमची तिसरी पट्टी पलंगाखालून शोधून काढली, पिन भिंतीतून पूर्ण उपसून बसवली. मशीन एका दमात चालू झालं, वाढलेली मेमरी पडद्यावर दिसली. समाधान खूश झाला.

पत्र्यात उतरलेला करंटच बसवताना पट्ट्या मारत होता, हे रणजीतला कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "ताई, मला वाटलं तुमचा हात जड आहे."

हल्ली फ्रीज उघडायचा तर मिनल आधी बोटाच्या पाठीने हँडलला हळूच शिवून बघते. सासूबाई हसतात, पण त्याही आता कधीच अनवाणी फ्रीजकडे जात नाहीत.