'वाढवा' नावाचं बटण

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. धाराशिवच्या एका कॉलेजात मी प्रोग्रॅमिंग शिकवते. मशीन आपल्या मनानं काही करत नाही, चूक लिहिणाऱ्याचीच असते, हे मी वर्गात रोज घोकवून घेते. तरी आज हे लिहायला बसलेय... काय करणार!

माझी मावशी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला वधू-वर सूचक केंद्र चालवते, घराच्या पुढच्या खोलीत. तिला मी एक प्रोग्रॅम लिहून दिला होता – एका मुलीची माहिती घ्यायची आणि यादीतल्या प्रत्येक मुलाशी ताडून बघायची. कॉम्प्युटर म्हातारा, यादी मारुतीच्या शेपटासारखी. एकदा सुरू झालं की तासन्‌तास पडदा गोठलेला. मावशी वैतागून सरळ प्लग उपटायची आणि केलेलं सगळं पाण्यात.

दोष माझाच होता. हा प्रोग्रॅम एका वेळी एकच काम करतो. पळत सुटला की 'थांब' म्हणणाऱ्याकडं बघायला त्याला सवडच नसते. मग मी त्याला शिकवलं – एक जोडी तपासून झाली की क्षणभर मान वर करायची, कुणी बटण दाबलंय का बघायचं. दाबलं असेल तर झालेलं जपून ठेवायचं आणि मगच थांबायचं. हातातला घास संपवून पानावरून उठावं, तसं.

बटणावर मी लिहिलं होतं 'रद्द करा'. मावशी कडाडलीच. "लग्नाच्या घरात रद्द? आपण दुकान बंद करतो व्हय? दुकान वाढवतो. नारळ बी फोडत न्हाय, वाढवतो. 'वाढवा' लिही!" लिहिलं. दुसऱ्याच दिवशी एका वरपित्यानं मुलीचा फोटो मोठा करायला म्हणून 'वाढवा' दाबलं, आणि झालं काम ठप्प. मावशी म्हणाली, त्याचंच मराठी कच्चं.

तर गेल्या दिवाळीनंतरचा रविवार. मावशीची मुलगी सुनंदाताई, चाळिशीला टेकलेली. गावोगावच्या मुलींची माहिती तीच टाइप करायची, स्वतःची मात्र कधी भरू दिली नाही. त्या दिवशी आईच्या डोळ्यांतलं पाणी बघून म्हणाली, "एकदाच. सांजच्यापातुर जे निघंल ते निघंल. परत माझा विषय काढायचा न्हाय." मावशीनं मान हलवली. मला लई वाईट वाटलं.

अकराला सुरू केलं. दोन वाजले तरी पडद्यावर 'जुळलं: शून्य'. मावशीला नारळ वाढवायचा होता, पण बायकांनी तो वाढवायचा नाही, हा तिच्या घरचा नेम. मी वाद घालतच होते, तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. पिशवी, पांढरा शर्ट, बोटांना तारेचे ओरखडे.

"मावशी, मी दत्तात्रय. सास्तूरला पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरतो, वाइंडिंगचं दुकान हाय. यादीतलं माझं नाव काढून टाका. लई वर्षं झाली. आज त्याच्यासाठी दुकान वाढवून आलोय."

'वाढवून' ऐकलं आणि सुनंदाताई खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी.

"नावाचं बघू की," मावशी म्हणाली. "आधी एवढा नारळ वाढवा."

आम्ही चौघं ओसरीवर. कॉम्प्युटरची खोली रिकामी, उघड्या दारातून पूर्ण दिसत होती. कीबोर्डवर धुळीसाठी मावशीचा टॉवेल. आणि माऊस माझ्या हातात! वायरच्या गाठी सोडवायला मी तो काढून आणला होता. दत्तात्रयांनी पायरीवर नारळ आपटला, एका फटक्यात दोन भकलं. आतून आवाज आला – टुंग.

आम्ही आत धावलो. पडद्यावर होतं: 'वाढवलं. झालेलं सगळं जपून ठेवलं आहे.' खाली, 'जुळलं: एक'. आणि शेवटची तपासलेली जोडी – सुनंदा, वाशी. दत्तात्रय, सास्तूर.

"हे... माझंच नाव हाय की," ते मागून म्हणाले.

मावशी हसता हसता रडायला लागली. सुनंदाताईनं पदरानं घाम पुसला. "दुकान सास्तूरलाच ऱ्हाणार?"

"मोटारी काय," ते खाली बघत म्हणाले, "वाशीत बी जळत्यात."

लग्न झालं. आता वाशीच्या बाजारात वाइंडिंगचं दुकान आहे, आणि सुनंदाताई तिथं बसून इतकी हसते की गिऱ्हाईक मोटार विसरून जातं. मला इतका आनंद झालाय की शंका काढायची लाज वाटते. तरी काढल्याच. प्रोग्रॅमची ओळन्‌ओळ तपासली. लाईट गेली नव्हती, आवाज ऐकणारं यंत्र त्या कॉम्प्युटरला कधी नव्हतंच. दत्तात्रयांकडून मुद्दाम दहा नारळ वाढवून घेतले, आठवडाभर घरात खोबऱ्याची चटणी खाल्ली. पुन्हा कधी टुंग नाही.

प्रोग्रॅमनं ठेवलेल्या नोंदीत थांबण्याचं कारण स्पष्ट लिहिलंय: 'वापरणाऱ्याने बटण दाबले.' तो वापरणारा कोण, मला अजून सांगता येत नाही. एवढंच सांगते, तो जो कुणी होता, हातातली जोडी पुरी करूनच थांबला.