प्राजूच्या कॅमेऱ्याची तीट

मंडळी, इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. आधीच सांगून टाकते – माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. भूत, करणी, नजर... आमच्या घरात हे शब्दसुद्धा कुणी काढत नाही. आई शाळेत विज्ञान शिकवायची. लहानपणी एखाद्या पाहुणीने कौतुकाने माझ्या गालाला काजळ लावलं, की तिची पाठ वळताच आई ते पदराने पुसून टाकायची. त्यामुळे मी भोळीभाबडी आहे असं समजून वाचू नका. मी जळकी आहे, ते मात्र कबूल. ते लपवून हा किस्सा सांगताच येणार नाही.

मी मुलुंड पूर्वेला राहते, नोकरी मरोळच्या एका ऑफिसात. प्राजू परब आमच्याच सोसायटीत, आमच्या खालच्या मजल्यावर. शाळेपासूनची मैत्रीण. फोटोग्राफीचं वेड माझं, तिचं नाही. कॉलेजपासून मी त्यावर वाचत आलेय. घाटकोपरला रविवारी एक क्लास चालतो, तिथे नाव घालायचं ठरलं तेव्हा सोबत हवी म्हणून मीच हिला ओढून नेलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय!

कॅमेरे आम्ही एकत्रच घेतले. एकच मॉडेल, एकाच दुकानातून. घरी आलो तर परब काकी, म्हणजे प्राजूची आई, दारातच काजळाची डबी घेऊन उभ्या. काकी मूळच्या मालवणकडच्या. घरात फ्रीज येवो नाहीतर स्कूटर, नव्या वस्तूला त्यांची तीट ठरलेली. त्यांनी प्राजूचा कॅमेरा उलटा केला आणि खाली, बॅटरीच्या झाकणाशेजारी, बोटाने एक टिंब टेकवलं.

"माझ्या चेडवाच्या कॅमेऱ्याक नजर नको लागाक," म्हणाल्या.

मी गमतीत माझा पुढे केला. "काकी, माझ्याला पण लावा ना."

"तुझ्या आवशीक सांग गो. परक्यान लावलेली तीट लागत नाय."

मी वर येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "नव्या वस्तूला तेलकट काजळ? वेड लागलंय का?" विषय संपला.

क्लास सुरू झाला. शटर, अॅपर्चर, आयएसओ – सरांनी विचारायचा अवकाश, उत्तर माझं तयार. प्राजूला तीन महिन्यांनीही अॅपर्चरचा आकडा वाढवला की भोक लहान होतं का मोठं, हे आठवायला लागायचं. आणि फोटो? फोटो तिचे यायचे यार! मी भांडुप पंपिंगच्या खाडीवर पहाटेपासून ट्रायपॉड लावून बसायची. ही नऊला यायची, हातात वडापाव, आणि फ्लेमिंगो नेमके तिच्याच समोर पंख उघडायचे. सर माझ्या फोटोवर "करेक्ट" म्हणायचे. तिच्या फोटोवर काहीच बोलायचे नाहीत, नुसते बघत राहायचे. ते बघत राहणं मला अजूनही टोचतं.

त्यातच सरांनी जाहीर केलं, की बॅचमधल्या एकाला ते वर्षभर स्वतःबरोबर कामाला घेणार. देशभर फिरायचं, त्यांच्या हाताखाली शिकायचं. अशी संधी पुन्हा येत नाही. मला मरोळच्या त्या एसीतून बाहेर पडायचं होतं, जीव तुटत होता त्यासाठी. प्राजू म्हणाली, "मिळालं तर झकास, नाही तर नाही." तिच्या त्या 'नाही तर नाही'चा मला इतका राग आला होता... सरांची अट एकच होती. फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच द्यायचा, कॉम्प्युटरवर हात फिरवायचा नाही.

आणि त्याच आठवड्यात ठिपका आला.

खाडीवर प्राजूने मला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फ्लेमिंगोचा एक फोटो दाखवला. मी म्हटलं, "मस्त आलाय." मनातून मात्र जळत होते. घरी जाऊन तिने तो लॅपटॉपवर उघडला तर पक्ष्याच्या बरोब्बर डोळ्याशेजारी एक काळा ठिपका. गोल, कडा जरा पुसट.

मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी शहाणपणा सुरू केला. "सेन्सरवर धूळ असणार. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ, अॅपर्चर सोळावर ठेवून." हौशी मंडळींनो, ही टेस्ट तुम्हीही करून बघा. धूळ असेल तर ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसतो. प्राजूची भिंत एकदम स्वच्छ आली. सेन्सरवरचा पिक्सेल बिघडला असेल, तरी तोही जागा सोडत नाही. मुंबईच्या हवेत लेन्सला बुरशी धरते, पण तिने फोटो धुरकट होतो, असा नेमका ठिपका पडत नाही. हिचा ठिपका दर फोटोत वेगळ्या जागी – आणि नेहमी फोटोतल्या सगळ्यात देखण्या गोष्टीवर. सर्व्हिसवाल्याने कॅमेरा उघडून, पुसून, परत दिला. म्हणाला, "मॅडम, इसमें कुछ प्रॉब्लेमच नहीं है."

मग प्राजूच्याच लक्षात आलं. "रेवा, तुला एक विचारू? रागावू नको हं. तू बघितलेल्या फोटोंवरच येतोय गं."

"काहीही काय!"

पण आम्ही करून बघितलं. एका सकाळचे निम्मे फोटो तिने मला दाखवले, निम्मे लपवले. लपवलेले सगळे स्वच्छ. दाखवलेल्यांत काहींवर ठिपका होता, काहींवर नव्हता. काहींवर का नव्हता, ते फक्त मला कळलं. जे फोटो मला आवडले नव्हते आणि मी उगाच तोंडदेखलं 'छान' म्हटलं होतं, ते स्वच्छ होते. ज्यांच्यावर मी मनापासून जळले होते, त्यांच्यावर ठिपका. हे मी तिला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं?

त्या दिवशी तिच्या कॅमेऱ्याची बॅटरी बदलताना मला खालचं ते काजळ दिसलं. मी म्हटलं, "हे आधी पूस. तेलकट आहे, लेन्सला लागलं तर वाट लागेल." प्राजू हसली. "पूस बाई. फक्त आईला सांगू नको." मी लेन्सच्या कपड्याने स्वच्छ पुसलं. लपूनछपून नाही, तिच्यासमोर. कुठल्याही पुस्तकात हेच सांगितलंय.

पुढच्या रविवारी खाडीवर तिने खंड्या टिपला. चोचीत मासा, पाण्याचे थेंब हवेत, मागे खारफुटीचा गर्द हिरवा. तिने स्क्रीन माझ्यासमोर धरली. हा फोटो माझा का नाही, एवढंच डोक्यात होतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळी झाली. बॅटरी बदलली, माझी घातली, काही नाही. कॅमेरा ठप्प. कार्ड काढून माझ्या कॅमेऱ्यात घातलं तर कार्ड रिकामं. सकाळपासूनचं सगळं गेलं होतं.

घरी काकी कोलंबी सोलत बसल्या होत्या. प्राजू रडकुंडीला आली होती. काकींनी हात धुतले, कॅमेरा घेतला, उलटा केला.

"माझी तीट कोणी पुसल्यान?"

प्राजू म्हणाली, "मीच गं आई."

काकींनी माझ्याकडे बघितलं फक्त. रागाने नाही, काळजीनेही नाही... चुलीवरच्या दुधाकडे बघतात तसं. मग डबी आणून त्यांनी परत टिंब टेकवलं. प्राजूने बटण दाबलं आणि कॅमेरा सुरू झाला! बॅटरीच्या टोकांवर कचरा असेल, तो हलला असेल, मान्य. मीही तेव्हा हेच म्हटलं होतं.

काकी पुन्हा कोलंबीकडे वळल्या. खिडकीतून उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडत होता. प्राजूने सहज, उभ्याउभ्या क्लिक केलं. मला दाखवलं. मी सांगते, तसा फोटो मला जन्मात काढता येणार नाही. ते मला तिथेच, त्याच क्षणी कळलं.

लॅपटॉपवर उघडला तर काकींच्या गालावर ठिपका. डाव्या गालावर, तीट लावतात अगदी तिथेच. फोटो काढताना त्यांच्या गालावर काही नव्हतं, मी समोरच उभी होते.

प्राजूने सरांना निवडीसाठी तोच फोटो दिला. मी माझा सगळ्यात चांगला दिला – फ्लेमिंगोंचा थवा, फोकस चोख, उजेड चोख. सरांनी माझा बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "रेवती, यात चूक काढायला कुठे जागाच नाही." मला वाटलं, जिंकले. मग त्यांनी प्राजूचा उघडला. त्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "ही तीट कुणी लावली?" प्राजू माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "लागली सर, आपोआप."

निवड तिची झाली. आता ती सरांबरोबर फिरत असते.

खरी गोष्ट मात्र यानंतरची आहे. ती निघायच्या आदल्या दिवशी मी काजळाची डबी विकत आणली आणि आईसमोर माझा कॅमेरा ठेवला. म्हटलं, "एक टिंब लाव. का ते विचारू नकोस." आईने चष्म्यावरून बघितलं. ती काहीतरी ऐकवणार असं वाटलं, पण माझा चेहरा बघून थांबली असावी. बोट बुडवून तिने हळूच टिंब लावलं, बॅटरीच्या झाकणाशेजारी. परक्याने नाही, आईने लावलेलं.

मग मी गच्चीत जाऊन फोटो काढले. संध्याकाळचा उजेड, समोरच्या इमारतीतल्या खिडक्या. एक खरंच चांगला आला होता. तो घेऊन मी प्राजूकडे गेले. तिने कॅमेरा हातात घेतला, नीट बघितला.

"काय भारी आलाय गं रेवा! मनापासून सांगते."

मी जवळजवळ पळतच वर आले. लॅपटॉपवर उघडला, मोठा करून कोपरा न् कोपरा तपासला.

स्वच्छ. एक ठिपका नाही.

सेन्सर, कार्ड, बॅटरी – ठिपक्याचं कारण तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. मी खूप शोधलं, मला सापडलेलं नाही. पण माझ्या फोटोवर तो का आला नाही, ते कृपा करून सांगू नका. एकतर प्राजूला तो आवडला आणि माझा जराही हेवा वाटला नाही. नाहीतर तिला तो आवडलाच नव्हता.

ती अजून गावोगावचे फोटो पाठवते. मी प्रत्येक फोटो बघते. दुसऱ्यांदा उघडते, तेव्हा प्रत्येकावर ठिपका असतो.